मुंबईत नोकरी, मग घर कुठे? लहान मुलांसह परवडणारं उपनगर कसं निवडावं

कोल्हापूर, नाशिक, नागपूर, बेळगाव, कुठूनही मुंबईला बदली झाली की घरात पहिली चर्चा भाड्याची होते. दादर, मुलुंड, ठाण्याचे आकडे ऐकले की नकाशावरचं बोट आपोआप पुढे सरकतं. मध्य रेल्वेवर डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा. पश्चिमेला वसई, नालासोपारा, विरार. हार्बरला खारघर आणि पनवेल. या प्रत्येक गावात मध्यमवर्गीय संसार उभे राहिले आहेत, मुलं शिकून मोठी झाली आहेत. त्यामुळे ‘इतक्या लांब कसं राहणार’ या भीतीला फारसा अर्थ नाही. मात्र एकट्या नोकरदाराला जे उपनगर चालतं, ते दोन-तीन वर्षांचं मूल असलेल्या घराला चालेलच असं नाही. लहान मूल असेल तर घराचा शोध पाळणाघर बंद होण्याच्या वेळेपासून सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. भाडं त्यानंतर.

आधी वेळेचा हिशेब

एक कागद घ्या आणि संध्याकाळपासून उलटं मोजा. सकाळी गर्दी असली तरी वेळ आपल्या हातात असते. संध्याकाळी बॉस, पाऊस आणि सिग्नल यांच्या हातात असते. जाहिरातीत ‘सीएसएमटी फक्त ७५ मिनिटं’ असं लिहिलेलं असतं, ते गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंतचं. आपल्याला मोजायचंय ते ऑफिसच्या खुर्चीपासून मुलाला कडेवर घेईपर्यंत.

समजा ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि सहाला सुटतं. बस किंवा शेअर रिक्षाने कुर्ला स्टेशन गाठायला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास धरा. पुलावरून प्लॅटफॉर्मवर येऊन चढता येईल अशी गाडी मिळेपर्यंत पावणेसात. तिथून बदलापूरला तासाभराहून थोडं जास्त, म्हणजे आठच्या आसपास. मग रिक्षाची रांग. पाळणाघर साडेसातला बंद होत असेल तर हे गणित रोज चुकणार, आणि लोकल उशिरा असेल त्या दिवशी शेजाऱ्यांना फोन करावा लागणार. तेच घर डोंबिवलीला असेल तर साधारण साडेसातपर्यंत पोचता येतं. या अर्ध्या तासाची किंमत भाड्यातल्या फरकाशी ताडून बघा.

आई-वडील दोघंही नोकरी करत असतील तर एकाचं ऑफिस घरापासून तासाभराच्या आत असलंच पाहिजे. मुलाला शाळेत ताप आला आणि फोन आला, तर कोण किती वेळात पोचेल, याचं उत्तर घर ठरवण्याआधी तयार हवं. दोघांची ऑफिसं दोन टोकांना असतील, उदाहरणार्थ एक फोर्टला आणि एक ऐरोलीला, तर मधला बिंदू शोधत बसू नका. जो पालक मुलाला आणणार आहे, त्याच्या ऑफिसच्या सोयीने घर घ्या. आजी-आजोबा सोबत राहणार असतील तर हा ताण बराच हलका होतो, आणि मग बदलापूर-टिटवाळाही सहज जमून जातं.

मार्ग कोणता?

पश्चिम, मध्य आणि हार्बर यांतला मार्ग ऑफिसच ठरवतं. रोज मार्ग बदलायला लागणारं घर शक्यतो टाळावं. दादरचा पूल गर्दीच्या वेळी ओलांडणं ही रोजची वीस मिनिटं आणि बरीचशी शक्ती आहे. अपवाद घाटकोपरचा. तिथून २०१४ पासून मेट्रो अंधेरी-वर्सोव्याला जाते, त्यामुळे कल्याण-डोंबिवलीहून अंधेरीला जाणारे बरेच जण तिथेच बदलतात. गर्दी तिथेही प्रचंड आहे, हे मात्र ध्यानात ठेवा.

मध्य रेल्वेचं सगळं रहस्य कल्याण जंक्शनमध्ये आहे. सीएसएमटीहून साधारण ५३ किलोमीटरवर कल्याण, आणि तिथे मार्गाला दोन फाटे फुटतात. एक अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळवरून कर्जतला जातो, दुसरा शहाड, आंबिवली, टिटवाळा, आसनगाववरून कसाऱ्याला. म्हणजे कल्याणपर्यंत दोन्हीकडच्या गाड्या मिळतात आणि कल्याणनंतर त्या वाटल्या जातात. एक गाडी चुकली तर डोंबिवलीकर पुढची पकडतो, वांगणीकर मात्र घड्याळ बघत उभा राहतो. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम मंजूर आहे. ते पूर्ण होऊन जादा गाड्या सुरू होईपर्यंत घर आजच्या वेळापत्रकावर ठरवा.

असं असूनही बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा यांचा एक मोठा फायदा नवख्यांना दिसत नाही. सकाळी तिथूनच सुटणाऱ्या लोकल असतात. थोडं आधी गेलात तर बसायला जागा मिळते, आणि दीड तास बसून जाणं हे तासभर दाराशी लोंबकळण्यापेक्षा कितीतरी बरं. डोंबिवलीहूनही काही गाड्या सुटतात, पण मागून येणाऱ्या गाड्या इतक्या भरलेल्या असतात की अनेक जण आधी उलटं कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. तसं करणार असाल तर पास कल्याणपासूनचाच काढा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. लहान मुलाच्या आईबापांनी दाराशी उभं राहून रोजचा प्रवास करायचा नाही. गाडी सुटण्याचं स्टेशन जवळ असणं ही सुरक्षेची बाब आहे.

पश्चिम रेल्वेवर विरार हेच तसं स्टेशन, चर्चगेटपासून ६० किलोमीटरवर. विरारपर्यंत चार मार्गिका आहेत, त्यामुळे फास्ट गाड्या भरपूर. त्यापुढे सफाळे, पालघर, बोईसर, डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकल जातात, पण दोनच मार्गिका आणि त्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याही. चौपदरीकरण सुरू आहे. नोकरी पालघर-बोईसर पट्ट्यातच असेल तर तिथे जरूर राहा. रोज अंधेरी गाठायची असेल तर विरार ही सीमारेषा समजा. अंधेरी, गोरेगाव, बोरिवलीत ऑफिस असणाऱ्यांना वसई मला विरारपेक्षा सरस वाटते. जुनी वस्ती, झाडं, बरे दवाखाने. भाडं मात्र थोडं जास्त पडतं.

हार्बरवर फास्ट लोकल नाही. पनवेलहून सीएसएमटीला प्रत्येक स्टेशन घेत जवळपास ८० मिनिटं लागतात. पण ऑफिस वाशी, बेलापूर, ऐरोली, घणसोली किंवा ठाण्याला असेल तर ठाण्याला नवी मुंबईशी जोडणाऱ्या ट्रान्सहार्बर रेल्वेमार्गामुळे खारघर-पनवेलला तोड नाही. रुंद रस्ते, पदपथ, बागा. बाबागाडी ढकलत फिरता येईल अशी उपनगरं या पट्ट्यात आहेत, आणि लहान मुलाच्या घरात ही चैन नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्यामुळे तळोज्याकडची स्वस्त घरं आवाक्यात आली. उलव्याला लोकल २०१८ पासूनच आहे, जानेवारी २०२४ मध्ये ती उरणपर्यंत गेल्याने द्रोणागिरीही. उरण मार्गावर गाड्या अजून कमी आहेत, म्हणून वेळापत्रक हातात घेऊनच तिकडची घरं बघा.

‘मेट्रो येणार’, ‘उड्डाणपूल होणार’ यावर भाडं किंवा हप्ता जादा देऊ नका. कल्याणला जोडणारी मेट्रो ५ आणि कल्याण-तळोजा मेट्रो १२ यांची कामं बरीच वर्षं जाहिरातींत झळकत आहेत. जी गाडी आज धावते, तिच्यावरच हिशेब करा. मूल तीन वर्षांचं आहे. पुलाचं काम पूर्ण होईपर्यंत ते चौथीत जाईल.

स्टेशनच्या कोणत्या बाजूला

उपनगर ठरलं की अर्धं काम झालं असं वाटतं, पण एकाच गावात पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी गावं असतात. रुळांच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा, असं करू नका. पूर्व-पश्चिम जोडणारे पूल मोजके असतात आणि त्यांच्यावर सगळं गाव चढलेलं असतं. डोंबिवलीतला कोपर पूल धोकादायक ठरवून २०१९ मध्ये बंद केला, तो नव्याने बांधून २०२१ मध्ये उघडला. मधली दोन वर्षं गावाची सगळी वाहतूक उरलेल्या पुलावर. स्कूलबसमधल्या मुलांचे हाल त्या काळात इथल्या लोकांनी पाहिले आहेत.

घर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांत असावं असा हट्ट मी धरेन, त्यासाठी एक खोली कमी घ्यावी लागली तरी. शेअर रिक्षा सकाळी पटकन मिळते. पावसाळ्यातल्या रात्री नऊला, कडेवर झोपलेलं मूल घेऊन, रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. दलाल ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ म्हणतो तेव्हा तो रविवारी दुपारी मोटारसायकलने जातो. तुम्ही मंगळवारी संध्याकाळी सातला चालत जाऊन बघा. रस्त्यावर दिवे आहेत का, पदपथ आहे का, भटक्या कुत्र्यांचा घोळका कुठे बसतो, सगळं त्या एका फेरीत कळतं. स्टेशनवर लिफ्ट किंवा सरकता जिना चालू आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्या.

डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि तळोजा इथे एमआयडीसी आहेत आणि त्यांत रासायनिक कारखाने आहेत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये मोठे स्फोट झाले, आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखान्यांपासून घर लांब ठेवा. रात्री दहानंतर त्या भागात एक चक्कर मारा, कारण उग्र वास बहुधा रात्री आणि पहाटेच जाणवतो. मुलाला दमा किंवा वारंवार खोकला असेल तर या एकाच कारणासाठी घर नाकारायला मागेपुढे पाहू नका.

पाणी

हा विषय घर दाखवताना कोणी काढत नाही, म्हणून तुम्हीच काढा. बाटल्या, दुपटी, कपडे, अंघोळ, लहान मुलाच्या घरात पाणी पाण्यासारखंच जातं. ‘चोवीस तास पाणी’ म्हणजे बहुतेक वेळा गच्चीच्या टाकीतून नळाला चोवीस तास. टाकीत ते कुठून येतं हा खरा प्रश्न.

सोसायटीचं मेंटेनन्स बिल मागा. एका महिन्याचं नको, एप्रिल आणि मे महिन्यांचं मागा. त्यात पाणीपट्टीच्या खाली ‘टँकर’ किंवा ‘जादा पाणी’ अशी ओळ असेल तर तिचा आकडा बघा. मग जिन्याखालचा सूचना फलक वाचा. पाणी सोडण्याच्या वेळा तिथे चिकटवलेल्या असतात. शेवटी वॉचमनशी बोला. पंप तोच चालू करतो, त्यामुळे पाणी रोज येतं की दिवसाआड, शुक्रवारी बंद असतं का, बोअरवेलचं पाणी मिसळतात का, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. बोअरचं पाणी असेल तर बाथरूमच्या नळांवरचे पांढरे डाग पाहा. ते दाट असतील तर पाणी जड आहे, आणि पिण्यासाठी वेगळा खर्च धरायला हवा.

बदलापूर-अंबरनाथला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं, वसई-विरारला सूर्या धरणाच्या योजनेचा मोठा आधार आहे, खारघर-पनवेल पट्ट्यात हेटवणे धरणाचं पाणी येतं. पण योजना गावाला असते आणि पाणी इमारतीला यावं लागतं. शेजारशेजारच्या दोन इमारतींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

पावसाळा

२७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. त्याआधी जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून गाड्या बंद पडल्या आणि वसई-विरारचे बरेच भाग पाण्याखाली होते. उल्हास आणि वालधुनी नदीकाठ, खाडीलगतचा सखल भाग, मिठागरांवर भराव घालून उठलेल्या वसाहती इथे घर घेताना पूररेषेची चौकशी पालिकेच्या नगररचना विभागात करा.

इमारतीजवळही खुणा सापडतात. तळमजल्यावरचे विजेचे मीटर पाहा. जुने मीटर कमरेच्या उंचीला असायचे. ते काढून डोक्याच्या उंचीला नव्याने लावले असतील आणि खाली जुन्या खिळ्यांच्या खुणा दिसत असतील, तर पाणी येऊन गेलं आहे. पार्किंगच्या भिंतीवरची मातकट रेघही तेच सांगते. तळमजला स्वस्त मिळतो, पण या पट्ट्यात लहान मुलासह मी दुसऱ्या मजल्याच्या खाली राहायला सांगणार नाही.

शाळा, पाळणाघर, डॉक्टर

नर्सरीचे प्रवेश बऱ्याच शाळांत डिसेंबर-जानेवारीतच सुरू होतात. जूनमध्ये राहायला येऊन चांगल्या शाळेत जागा मिळेल या भरवशावर राहू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घर आणि शाळा यांतलं अंतर निर्णायक असतं. एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी, मग तीन किलोमीटरपर्यंत. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरारच पुरावा म्हणून लागतो, साध्या स्टँपपेपरवरचा चालत नाही. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तो हिशेबही आताच करून ठेवा.

पाळणाघर बघायला दुपारी जा, मुलं झोपलेली असताना. किती मुलांमागे किती बायका आहेत, गॅस आणि गॅलरी मुलांपासून कशी दूर ठेवली आहे, उशीर झाला तर जादा पैसे घेतात की मुलाला शेजारी सोडतात, हे स्पष्ट विचारा. लोकल बंद पडतात त्या दिवशी त्या ताई काय करतात, या प्रश्नाचं उत्तर ऐकूनच पाळणाघर ठरवा.

मुलांच्या डॉक्टरांचं क्लिनिक गल्लोगल्ली असतं. रात्री दोनला उघडं असणारं, मुलांना दाखल करून घेणारं रुग्णालय किती लांब आहे ते शोधा. त्याचा फोन नंबर फ्रिजवर लावण्याआधी एकदा दिवसा तिथे जाऊन या.

आधी वर्षभर भाड्याने

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी पहिलं वर्ष भाड्यानेच राहावं. दोघांच्या नोकऱ्या स्थिरावतात, एक पावसाळा आणि एक उन्हाळा अंगावरून जातो, शाळा कळते. ‘भाडं म्हणजे पाण्यात पैसे’ असं घरचे म्हणतील. चुकीच्या जागी घेतलेल्या घराचा वीस वर्षांचा हप्ता त्याहून महाग पडतो.

लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरार, साधारण ११ महिन्यांचा असतो आणि तो नोंदवावाच लागतो. ती कायदेशीर जबाबदारी घरमालकाची आहे. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. नोंदवायला टाळाटाळ करणारा मालक नकोच. डिपॉझिट कधी आणि कोणती रक्कम वजा करून परत मिळेल, मेंटेनन्स कोण भरणार, हे करारात लिहून घ्या.

विकत घ्यायची वेळ आली की

४५ लाखांचा फ्लॅट गृहीत धरू. या किमतीला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते, म्हणजे ३६ लाख. नऊ लाख आपले. मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार ६ ते ७ टक्के, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का, नाहीतर ५. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी नाही. म्हणजे फर्निचरला हात लावण्याआधी हातात १२ ते १५ लाख हवेत. ३६ लाखांचा २० वर्षांचा हप्ता ८.५ टक्क्यांनी सुमारे ३१,२०० रुपये. पाळणाघर, शाळा, प्रवास आणि हप्ता मिळून दोघांपैकी एकाच्याच पगारात बसतात का, ते बघा. मूल लहान असताना एकाला नोकरी सोडावी लागण्याची शक्यता खरी असते.

आता कागदपत्रं. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक बघणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. कल्याण-डोंबिवलीत पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून ६५ इमारतींसाठी रेरा नोंदणी मिळवली गेली, बँकांनी कर्जंही दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात कचरा डेपो आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीला जमीनदोस्त झाल्या. तिथल्या घरांत लहान मुलंही होती, परीक्षेच्या तोंडावर रस्त्यावर आलेली.

म्हणून बांधकाम परवानगीची प्रत बिल्डरकडून घ्या आणि तीच प्रत पालिकेच्या नगररचना विभागात दाखवून जावक क्रमांक जुळतो का ते विचारा. जमत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि बिनशेतीचा आदेश बघा. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तिथे राहायला पालिकेची परवानगी, हवंच. जुना फ्लॅट असेल तर इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं ना हरकत पत्र आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे पाहा. वकील बिल्डरने सुचवलेला नको, स्वतःचा लावा. त्याची फी या सगळ्या खर्चातली सर्वांत सार्थकी लागणारी रक्कम आहे. किंमत आजूबाजूच्या घरांपेक्षा फारच कमी सांगत असतील आणि ‘भोगवटा नंतर मिळेल’ म्हणत असतील, तर चहा घेऊन निघा.

सामान हलवण्याआधी

घर पक्कं करण्यापूर्वी आठवडाभराची सुट्टी काढा किंवा त्या उपनगरात एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करा आणि कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेला जाऊन-येऊन बघा. दोघांनीही. महिलांच्या डब्यातली परिस्थिती बाजूच्या डब्यातून कळत नाही. एसी लोकलच्या भरवशावर राहणार असाल तर तुमच्या वेळेला ती आहे का ते पाहा. कल्याण-विरारइतक्या अंतराचा तिचा महिन्याचा पास दोन हजारांच्या आसपास जातो, दुसऱ्या वर्गाचा काही शे रुपयांत होतो. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, त्यामुळे रविवारच्या फेरीवरून काही ठरवू नका.

शिफ्टिंग एप्रिलच्या शेवटी करा. शाळेला सुट्टी असते, टेंपो कोरड्या रस्त्याने येतो, आणि नव्या घराचा पाणीपुरवठा उन्हाळ्यातच तपासला जातो. मुलाचं लसीकरणाचं कार्ड आणि जन्मदाखला हातातल्या पिशवीत ठेवा, टेंपोत नको. गॅस कनेक्शनचा पत्ता पहिल्याच आठवड्यात बदलून घ्या आणि भाडेकरार नोंदवून झाला की त्याच कागदावर आधारचा पत्ताही बदला, कारण शाळेच्या अर्जाला तोच लागणार आहे.